पोकळ गिटारीचा जमाखर्च

परदेशी स्थिरावलेल्या मराठी मध्यमवर्गीयास मोटार घेताना, घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज अंगावर घेताना किंवा मुलांना आल्प्सच्या उतारांवर स्कीइंगला धाडताना जो संकोच स्पर्शही करीत नाही, तो एखादे वाद्य विकत घेण्याची वेळ आली म्हणजे मात्र त्याच्या मनात ठाण मांडून बसतो. आणि ‘एवढ्या पैशांत काय काय झाले असते’ याची यादी घरची मंडळी इतक्या तत्परतेने सादर करतात, की वाद्याची रवानगी चैनीच्या खात्यात परस्पर होऊन जाते. हा संकोच मला मंजूर नाही. परंतु एखाद्या विख्यात वादकाच्या हाती जे शोभले ते आपल्याही भिंतीवर शोभेल, या कल्पनेने खिसा रिकामा करण्याचा जो मोह त्याच्या दुसऱ्या टोकास उभा असतो, त्याचाही मी तितकाच विरोधी आहे.

प्रस्तुत मामला असा. बव्हेरियातील एर्लांगेन शहरी, जेथे नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे आता नवलाईची राहिलेली नाहीत, जुन्या वाद्यांच्या एका दुकानात हॉफनर कंपनीची ४५७ क्रमांकाची, १९६० च्या दशकातली, पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार टांगलेली असून दुकानदार तिचे साडेनऊशे युरो मागतो. इलेक्ट्रिक गिटार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भरीव फळीची, विजेवाचून जवळजवळ मुकी असणारी गिटार येते. ही तशी नव्हे. हिचे पोट व्हायोलिनप्रमाणे कमानदार असून त्यावर दोन लांबट, वळणदार छिद्रे आहेत, तारांखालची घोडी डिंकाने चिकटविलेली नसून केवळ तारांच्या दाबाने जागी राहते, आणि विजेची तार जोडली नाही तरी खोलीपुरता गोड, किंचित कोरडा असा आवाज तिच्यातून निघतो. आपल्या रसिकांस हा वाद्यप्रकार अगदीच परका नाही, कारण १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांच्या संतुराशी आणि हरिप्रसादांच्या बासरीशी संवाद करणारे ब्रिजभूषण काब्रा अशाच कमानदार गिटारीला मांडीवर आडवी घेऊन हिंदुस्थानी संगीताकडे वळविते झाले होते.

या पोकळपणाचा दोष प्रसिद्ध आहे. ध्वनिवर्धक मोठा केला की त्यातून आलेला आवाज गिटारीच्या पोटात शिरून ते स्वतःच थरथरू लागते, ती थरथर पुन्हा तारांत आणि तारांतून पुन्हा ध्वनिवर्धकात जाते, आणि अखेर वादकाने हात काढून घेतला तरी न थांबणारा एक हुंकार सुरू होतो. मोठ्या सभागृहांत वाजविणारी तरुण मंडळी भरीव फळीकडे वळली ती बरीचशी याच कारणाने. पण जो मनुष्य सभागृहात वाजवीतच नाही, त्याने हा दोष आपल्या हिशेबात का धरावा? आणि आमची राहण्याची तऱ्हा ध्यानी घेतली, तर दोषाच्या बाजूस मांडलेली हीच रक्कम गुणाच्या बाजूस जाऊन बसते.

जर्मन इमारतींत रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांतता पाळण्याचा दंडक असतो, बऱ्याच ठिकाणी दुपारचीही विश्रांती राखावी लागते, आणि रविवारी भिंतीत खिळा ठोकणाऱ्याकडे शेजारी ज्या दृष्टीने पाहतात ती सहन करण्यास बराच धीर लागतो. तथापि या शिस्तीचा अर्थ येथे वाद्य वाजविण्यास मनाई आहे असा अनेक भारतीय कुटुंबे करून घेतात, तो मात्र निराधार आहे. आउग्सबुर्ग येथील एका व्यावसायिक तुतारीवादकाविरुद्ध शेजाऱ्यांनी मांडलेला दावा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा २६ ऑक्टोबर २०१८ रोजी त्या न्यायालयाने, घरी वाद्य वाजविणे हा मनुष्याच्या सामान्य खासगी जीवनाचाच भाग असून त्यास सरसकट बंदी घालता येत नाही, असे ठरविले. आणि एक सर्वसाधारण मर्यादा म्हणून कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, तर रविवारी व सुटीच्या दिवशी एक ते दोन तास सुचविले, विश्रांतीच्या वेळा अर्थात वगळून. तुतारीला जर एवढी मुभा, तर विजेवाचून वाजणारी गिटार संध्याकाळी दिवाणखान्यात बसून वाजविणाऱ्याने जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याची नजर चुकविण्याचे प्रयोजन नाही. भरीव गिटारीस जोडणीचा, तारांचा, हेडफोनचा पसारा लागतो, आणि कार्यालयातून थकून आलेला मनुष्य त्या पसाऱ्याच्या नुसत्या विचारानेच वाजविणे उद्यावर ढकलतो. पोकळ गिटार खुंटीवरून काढली की वाजू लागते. जे वाद्य रोज हाती येईल तेच घ्यावे, हा माझ्या मते या व्यवहारातला पहिला आणि बहुधा शेवटचा निकष होय.

आता नावाचा प्रश्न. हॉफनर हे नाव उच्चारताच कोणीतरी बीटल्सचा विषय काढतोच, आणि दुकानदार तर तो काढण्यासाठी टपलेलाच असतो. त्यांच्यातल्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला याच कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बास घेतला ही गोष्ट खरी; पण तो त्याने का घेतला, हे या नावावर पैसे उधळणाऱ्यांनी एकदा नीट वाचावे. तो वाजवी तीसेक पौंडांत मिळाला, अमेरिकन फेंडर परवडण्याजोगा नव्हता, आणि आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्याने उलटा धरला तरी तो विद्रूप दिसत नव्हता, इतकाच त्या निवडीचा इतिहास. तोच बास १९७२ मध्ये चोरीस गेला, अर्धशतक इंग्लंडमधल्या कोठल्याशा माळ्यावर पडून राहिला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मालकाकडे परतल्याचे जाहीर झाले तेव्हा जगभर आनंद झाला, मलाही झाला. परंतु एका तंगीतल्या तरुणाने काटकसर म्हणून केलेल्या खरेदीची आठवण सांगून आज दुसऱ्याकडून दोनशे युरो अधिक वसूल करणे ही उफराटी गोष्ट आहे. शिवाय तेच नाव धारण करणारी स्वस्त वाद्ये आता चीनमध्येही तयार होतात, तेव्हा नुसत्या पाटीने काही सिद्ध होत नाही.

ज्या गोष्टीसाठी अधिक पैसे मोजावेत, असे मला वाटते, ती पाटीच्या मागे आहे. कार्ल हॉफनरने १८८७ मध्ये आपला धंदा सुरू केला तो जर्मनीत नव्हे, तर बोहेमियातील श्योनबाख या गावी, ज्याचे नाव आता लुबी असून ते चेक प्रजासत्ताकात आहे. त्या गावात घरोघरी व्हायोलिनचे काम चाले, कोणी मान घडवी, कोणी पोट, कोणी नुसत्या घोड्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील जर्मन भाषकांची हकालपट्टी झाली, हाती धरवेल एवढे सामान घेऊन ही कारागीर कुटुंबे बव्हेरियात आली, आणि १९४९ पासून एर्लांगेनच्या उत्तरेस बुबेनरॉयट नावाच्या चिमुकल्या खेड्याने, आपल्या लोकवस्तीहून कितीतरी अधिक निर्वासितांना जागा देऊन, त्यांची वसाहत उभी राहू दिली. फ्रेड विल्फरची फ्रामुस ही दुसरी कंपनी याच लोकांच्या हातांवर १९४६ मध्ये उभी राहिली. मिरजेस शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याचे काम हाती घेतले, मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून घडविलेली वाद्ये जगभर नेली, आणि २०२४ मध्ये त्यांच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, याचा अभिमान वाहणाऱ्या मराठी माणसास बुबेनरॉयटच्या कामाची किंमत निराळी समजावून सांगावी लागू नये.

तरीही कारागिरीवरील श्रद्धा म्हणजे तपासणीतून सूट नव्हे. मानेच्या टोकाकडून डोळा लावून पाहिले असता मान किंचित पुढे झुकलेली दिसते, पण वापरण्याजोगी आहे. पहिल्या पाच पडद्यांवर बारीक तारांनी खोल चऱ्या पाडलेल्या असून ते पडदे बदलावेच लागतील. आणि कडेची सेल्युलॉइडची पट्टी पिवळी पडून एका जागी भुगा होऊ लागली आहे, तिच्या वाफेने आसपासच्या धातूस गंज चढतो, म्हणून तिचीही तजवीज करावी लागेल. खासगी विक्रेत्याकडून दोनशे युरो कमी पडले असते, हे खरे. पण दुकानदारावर जुन्या मालासाठीही किमान वर्षभराची कायदेशीर जबाबदारी असते, आणि खासगी विक्रेता ती एका ओळीत झटकू शकतो.

राहता राहिली बोटांखालची शिसवीची पट्टी, आणि कागदाच्या दृष्टीने ही बाब सर्वांत नाजूक आहे. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे अत्यंत कडक निर्बंध असून युरोपीय संघात ती असलेली वस्तू विकण्यास सरकारी दाखला लागतो. वाड्यांतल्या पलंग-कपाटांतून जिची आपल्याला ओळख आहे त्या आपल्या शिसवीवरही २०१७ च्या जानेवारीत परवान्याचे बंधन आले, परंतु २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून मोकळीक मिळाली. या गिटारीची पट्टी कोठल्या जातीची, याची खातरजमा दुकानदाराने लेखी करून द्यावी, आणि ती ब्राझीलची निघाल्यास दाखला सोबत जोडावा, असे मी त्यास सांगितले आहे.

हा कागद हाती आला आणि पडद्यांच्या दुरुस्तीपोटी किमतीत दीडशे युरो उतरविण्यास तो राजी झाला, तर गिटार घ्यावी, असे माझे मत आहे, आणि घरच्या यादीवाल्या मंडळींनाही मी ते कळविले आहे. कागदावाचून मात्र ती निम्म्या किमतीतही घेऊ नये. उद्या ती घेऊन पुण्यास परतण्याची वेळ आली, तर जकात अधिकारी तिचा आवाज ऐकत बसणार नाही.