पाटीवरची दुसरी ओळ

दिवाळी अंकाचे गठ्ठे बांधून झाले की आमच्या नागपुरातल्या लकडगंजच्या कचेरीत दरवर्षी एकच तंटा होतो. वर्गणीदाराने पत्ता कळवलेला असतो पाटीवरचा, आणि अंक टाकणारा पोरगा विचारतो, "म्हणजे आरा मशीनच्या मागे का?" हो बाबा, तिथेच.

थोरामोठ्यांविषयी आमची तक्रार नाही. चीड येते ती पाट्यांची. चौकाला नाव दिले, हार घातला, फोटो निघाला. पण हे गृहस्थ कोण, या चौकाशी त्यांचा संबंध काय, आधी इथे काय म्हणत, याचा पाटीवर पत्ता नाही. मग लोक ते नाव तोंडातही घेत नाहीत. इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कोणी भरती होत नाही, सारे 'मेयोत' असतात. इतवारी स्थानकाच्या नावाआधी नेताजी सुभाषचंद्र बोस लागले, ऑटोवाला अजून इतवारीच म्हणतो. उलट घरोघरचे फोन गेले तरी टेलिफोन एक्सचेंज चौक टिकला. २०२२ मध्ये इकडे मेट्रो आली तेव्हा स्थानकालाही तेच नाव मिळाले. मूर्तिकारांची चितार ओळही मेट्रोने राखली. शुक्रवारी तलावाची गंमत वेगळीच. आजी जुम्मा तलाव म्हणणार, बाप शुक्रवारी, पाटी गांधीसागर. नातवाला तलाव तीन वाटले तर दोष कुणाचा?

जुने ते सगळे जपा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वस्त्यांची जातिवाचक नावे हटवण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला, तो फार आधी व्हायला हवा होता. नोकरीच्या अर्जावर असा पत्ता लिहिताना हात का अडखळतो, ते तिथे राहणाऱ्याला विचारा. त्या नावांसाठी हळहळणाऱ्यांची घरे बहुधा दुसऱ्या वस्तीत असतात.

२०२५चा आढावा थोडक्यात. मार्चमध्ये महालातल्या दंगलीनंतर संचारबंदी लागली. ठाण्यांच्या यादीत लकडगंजही होते, आणि आपली गल्ली कोणत्या ठाण्यात मोडते हे शोधण्याची पाळी लोकांवर आली. जूनमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याबाबतचे शासन निर्णय मागे घेतले गेले. जुलैत इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याची घोषणा झाली. यंदाचा विशेष विभाग 'पत्ता' या विषयावर आहे. दोन प्रवासवर्णनेही त्यातच कोंबली आहेत, सांभाळून घ्या.

महापालिकेवर २०२२ पासून २०२६च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते. आता नामकरणाचे ठराव पुन्हा धडाधड येतील. त्याआधी एक नियम करून ठेवा: नव्या नावाखाली जुने नाव आणि बदलाचे साल लिहायचे. जात सांगणारी नावे तेवढी वगळा.