दूध वाढले, पोषणाचे काय?

१९९८पासून भारत दूध-उत्पादनात जगात पहिल्या क्रमांकावर आहे. २०२३-२४ साली हे उत्पादन सुमारे २३.९ कोटी टनांवर गेले. दरडोई हिशेब दिवसाला ४७१ ग्रॅम येतो. परंतु २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सुमारे ६९ टक्के बालकांना रक्तक्षय होता. सरासरीने कोणाचेच पोट भरत नाही.

हिंगोली जिल्हा लाल कंधारी गाईच्या पट्ट्यातला. तेथील कोरडवाहू शेतकऱ्याला सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदा दिसतात. मीठमिरची आणि औषधपाणी मात्र रोजचे. हातात खेळता पैसा येतो तो दुधाचा. म्हणून लेकराच्या वाटीत पडण्याआधी दूध किटलीत जाते. हा आईबापांचा दोष नव्हे, दारिद्र्याचा हिशेब आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, त्याच्याकडे चारा नाही. त्याला तर दुभत्या जनावराचा विचारही परवडत नाही. १९७० साली सुरू झालेल्या दूध महापूर योजनेची कठोर चिकित्सा शांती जॉर्ज यांनी १९८५ सालीच केली होती. उत्पादन वाढले की पोषण आपोआप वाढते, हा भ्रम तरीही टिकून आहे.

वस्तुतः अन्न मुलाच्या ताटात थेट पडले तरच फरक पडतो. केनियाच्या एम्बू जिल्ह्यात १९९८ ते २००० या काळात शाळकरी मुलांना मका-घेवड्याच्या जेवणाबरोबर काही शाळांत मांस, तर काही शाळांत दूध देण्यात आले. मांस मिळालेल्या मुलांची बुद्धिचाचणीतील प्रगती सर्वांत अधिक झाली. दूध मिळालेल्या लहान, खुज्या मुलांची उंची वाढली.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. अंडे न खाणाऱ्यांसाठी केळे होते. जानेवारी २०२५मध्ये शासनाने अंड्यांचा निधी काढून घेतला आणि हवी असल्यास ती लोकसहभागातून द्यावीत, असे सुचविले. ज्या गावातील मजूर ऊसतोडीसाठी घर सोडतो, त्या गावाने वर्गणी काढून आपल्या मुलांना अंडी खाऊ घालावीत, असा याचा अर्थ. सधन गावातील मुलाला अंडे मिळेल आणि ज्याला त्याची खरी गरज आहे तो वंचित राहील. यास काटकसर म्हणता येणार नाही. ही शासनाने आपल्या जबाबदारीतून केलेली सुटका आहे.

शेळी ही गरिबाची गाय, असे आपल्याकडे म्हणतात. ती भूमिहीन स्त्रीच्या मालकीची व्हावी, शाळेची अंडी गावातील बचत गटांकडून योग्य भावाने घेतली जावीत आणि त्यांचा संपूर्ण खर्च राज्याच्या तिजोरीतून व्हावा, या मागण्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत. औंढा नागनाथ, कळमनुरी, सेनगाव येथील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत याचे ठराव मांडावेत. ते मांडताना गावातून रोज किती लिटर दूध बाहेर जाते आणि अंगणवाडीत किती मुले कमी वजनाची आहेत, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून न्यावेत.