गोलघुमटात ओरडू नका

टेंभुर्णी म्हणजे काय, असं पुण्यातल्या कुणालाही विचारा. उत्तर येतं, ‘जिथून पंढरपूरला वळतात ते.’ हायवेवर चहा प्यायचा, पाय मोकळे करायचे आणि पुढं निघायचं. आपल्या गावाला कुणी असं चहापुरतं मोजलं की आपल्याला राग येतो. मग विजापूरला जाऊन आपण वेगळं काय करतो?

विजापूर हे आपल्या भागाचं लाडकं ऐतिहासिक शहर. शाळेची सहल तिथं, कॉलेजचा ग्रुप तिथं, लग्नानंतरची पहिली फिरतीही तिथं. पहाटे निघालं की रात्री जेवायला घरी. मी पहिल्यांदा आठवीत गेलो. धापा टाकत गोलघुमटाचा जिना चढलो, वरच्या सज्जात आलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो. बरोबरची सगळी पोरंही ओरडली. खाली आल्यावर सरांनी विचारलं, ‘आवाज ऐकला का रे?’ आम्ही एका सुरात ‘हो’ म्हणालो. ते खोटं होतं. आम्ही फक्त आमचा गोंगाट ऐकला होता.

त्या सज्जाची खरी करामत कुजबुजण्यात आहे. भिंतीला तोंड लावून हळू बोललं, तर घुमटाच्या पोकळीपलीकडं, जवळपास ३८ मीटरवर उभ्या माणसाला ते शब्द ऐकू येतात. पण त्यासाठी बाकीच्यांनी गप्प बसावं लागतं. आज तिथं एक मिनिट शांतता मिळत नाही. शिट्ट्या, किंकाळ्या, घोषणा आणि त्यावर रील. मी नंतर चारदा गेलो. कुजबुज एकदाच ऐकली, तीही सकाळी दार उघडल्या उघडल्या पहिला घुसलो म्हणून.

काहीजण म्हणतील, ‘शत्रूचं शहर ते, त्याचं काय एवढं?’ त्यांना माझा उलटा प्रश्न आहे. त्या घुमटाखाली १६५६ साली वारलेला मुहम्मद आदिलशहा आहे. शहाजीराजे १६३६ नंतर त्याच्याच चाकरीत होते. अफजलखान १६५९ साली निघाला तो याच शहरातून. एवढा घुमट उभारणारी सत्ता समोर असताना तिशीही न गाठलेला एक तरुण तिच्याविरुद्ध उभा राहिला, याचा अर्थ गाडीच्या काचेवर स्टिकर लावून कळतो का? त्या घुमटाखाली गप्प उभं राहा. महाराजांचं धाडस किती मोठं होतं, ते तिथं अंगावर येतं.

आणि सगळं शत्रुत्वच होतं असंही नाही. आदिलशाहीची कित्येक फर्मानं फारसीबरोबर मराठीतही निघत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं ‘किताब-ए-नौरस’ या आपल्या दखनी गीतांच्या पुस्तकात सरस्वतीला आणि गणपतीला वंदन केलं. त्याची कबर, इब्राहिम रोजा, गावाच्या पश्चिमेला आहे. नक्षी बघावी तर तिथली. पण आपली गाडी तिथं वीस मिनिटं थांबते, कारण ‘पॉइंट’ संपवायचे असतात.

मलिक-ए-मैदान तोफेचंही तेच. आपण तिच्यासमोर फोटो काढतो आणि निघतो. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, पुढं परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली तिथून विजापूरला नेली गेली. परांडा! टेंभुर्णीहून कुर्डुवाडीमार्गे तास-दीड तासाचं अंतर. पन्नासेक टनांचं ते धूड आपल्याच मुलखातून ओढत नेलं, आणि आपण शेजारचा तो किल्लाही पाहिलेला नसतो. विजापूर परकं वाटतं, कारण आपल्याला आपलंच घर माहीत नाही.

‘आम्हाला आठवड्यात एकच सुट्टी मिळते, एवढा अभ्यास कुठून करायचा?’ ही तक्रार खरी आहे. एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या, ऊसतोडीच्या हंगामात घरी मान वर न करणाऱ्या पोरापोरींना मी इतिहासाचे ग्रंथ वाचायला सांगत नाही. उलट कमी करा म्हणतो. दिवसात दहा ठिकाणं नकोत, दोन बघा. आधी एकदा परांडा करा, मग विजापूर. भिंतीवर नाव कोरू नका. तिथं आधीच बदाम आणि बाण पुरे झालेत. इब्राहिम रोज्यात तासभर नुसते बसा. कुणा म्हाताऱ्या दुकानदाराशी दोन शब्द बोला. सोलापूरचे म्हटल्यावर तो बऱ्याचदा मराठीतच उत्तर देतो.

आणि सज्जात गेलात तर ओरडू नका. मित्राला समोर पाठवा, भिंतीला तोंड लावा, हळू बोला. मग कान लावून थांबा. शेजारचा ओरडत असेल तर त्यालाही सांगा. भांडण झालं तरी चालेल, फक्त तेही हळू आवाजात करा.