लेबलवर वाणाचे खरे नाव छापा, नाहीतर माल विसरा

निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या वाईनरीचालकांनो आणि रोपवाटिकावाल्यांनो, हा जाहीर इशारा आहे. विनंतीअर्ज नव्हे.

रोगप्रतिकारक द्राक्षांना आम्हा बागायतदारांचा विरोध नाही. त्यांची गरज आमच्याइतकी कुणाला कळणार? गोडी छाटणीनंतर अवकाळी बरसला की पानावर तेलकट पिवळा डाग उठतो, पान उलटावे तर खाली पांढरी लव. डाऊनी आली! मग रात्रीबेरात्री ब्लोअर आणि औषधाच्या दुकानात उधारी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कॅटाव्बा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ हा बुरशीला सहसा दाद न देणारा वाण काढला. रसाला चालतो, लाल वाईनलाही चालतो. खुशाल लावायला सांगा. पण बाटलीवर नाव त्याचेच आले पाहिजे. त्याचा रस ओतून वर 'शिराझ' छापायचे धंदे आम्ही खपवून घेणार नाही.

नावाची पळवाटही आत्ताच बुजवा. इटलीत २०१५ साली उदिने विद्यापीठाचे नवे वाण नोंदले गेले, तेव्हा काहींची नावे ठेवली 'मर्लो खोरुस', 'कॅबर्ने वोलोस'. पोराला आजोबांच्या सातबाऱ्यावर खपवण्यातलाच प्रकार. फ्रान्सने २०१८ मध्ये आपल्या वाणांना आर्ताबान, फ्लोरेआल, व्हिडोक, व्होल्टिस अशी स्वतंत्र नावे दिली, आणि त्यातला व्होल्टिस पुढे प्रयोगापुरता का होईना, शॅम्पेनच्या मळ्यांत शिरला. उसने नाव लागले नाही.

दुसरी गोष्ट 'बिनफवारणी'ची. प्रतिकारक वाणाला फवारण्या कमी लागतात, शून्य नव्हे. बियांका या वाणाची प्रतिकारशक्ती भेदणारी डाऊनी संशोधकांनी २०१० मध्येच दाखवून दिली आहे. तेव्हा प्रयोगशाळेचा अवशेष-अहवाल नसताना असला दावा छापाल तर याद राखा. अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या लेबलाला तीन लाखांपर्यंत दंड आहे, आणि तक्रार करायला आम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

रोपवाटिकांनीही ऐकावे. नोंदणीकृत वाणाचे रोप विकताना अपेक्षित कामगिरी सांगणे २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने वाण काढणाऱ्या पैदासकाराला बंधनकारक आहे. रोप त्याप्रमाणे निघाले नाही, तर कलम ३९ खाली शेतकरी भरपाई मागू शकतो. तोंडी 'काही होत नाही, बिनधास्त लावा' आता पुरे. पावतीवर लिहून द्या.

आमच्या हाती आलेल्या एका करारपत्रात वाणाच्या रकान्यात फक्त 'लाल' असा शब्द आहे. लाल काय? मिरची? उद्या बाटलीत काहीही निघाले तरी बोट बागायतदाराकडेच दाखवायची ही सोय आहे.

येत्या पोळ्यापर्यंत, गोडी छाटणीला कात्री लागायच्या आत, तीन गोष्टी लेखी हव्यात: करारात वाणाचे पूर्ण नाव, लेबलवर तेच नाव टक्केवारीसह, आणि दाव्यामागे स्वतंत्र तपासणीचा दाखला. ज्या वाईनरीकडून हे येणार नाही, तिच्या करारावर आमची सही होणार नाही. जानेवारीत तिच्या गेटवर आमचा एकही क्रेट उतरणार नाही. मुदत वाढवून मिळणार नाही.