रविवारी दाखल झालेला रुग्ण

'रुग्ण शेवटच्या क्षणी आणले होते.' २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ मृत्यू झाले, तेव्हा हेच ऐकवले गेले. ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ जण गेले, त्यांत १२ नवजात बालके. तिथेही तेच उत्तर.

दोन्ही वेळा शनिवार-रविवार होता. सुट्टीमुळेच माणसे गेली, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. २०१५ साली इंग्लंडमध्ये यावरच वाद पेटला होता: शनिवार-रविवारी दाखल झालेले रुग्ण जास्त दगावतात ते मुळात जास्त गंभीर असतात म्हणून, की वरिष्ठ डॉक्टर हजर नसतात म्हणून?

पण उशीर होतो कुठे? आमच्या वस्त्यांतला रुग्ण आधी खासगीत जातो. डिपॉझिट संपले की रात्री सांगतात, 'सरकारीत हलवा.' अशा रात्री आम्ही नातेवाईकांसोबत काढल्या आहेत. आयसीयूत खाट नाही, समोर एकटा निवासी डॉक्टर. (तोही छत्तीस तास जागा, त्याच्यावर ओरडून काय मिळणार?) सेप्सिसच्या रुग्णाला पहिल्या काही तासांतच अँटिबायोटिक लागते, ते सकाळच्या राउंडची वाट पाहू शकत नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकावेत. दगावलेल्या प्रत्येक आयसीयू रुग्णाच्या तीन वेळा मागाव्यात: दाखल कधी झाला, खाट कधी मिळाली, वरिष्ठ डॉक्टरने प्रथम कधी पाहिले. नावे नकोत, वेळा द्या.