रायफलीचे दागिने

पॉइंट टू-टूच्या रायफलीवर लोक जेवढा पैसा नळीच्या बाहेर घालवतात, त्याचा दहावा हिस्सा नळीच्या आत काय जातंय ते बघण्यावर खर्च केला, तर आपल्याकडच्या निम्म्या नेमबाजांचे गुण एका मोसमात वाढतील. हे माझं मत आहे, आणि ते ज्यांना झोंबणार आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

कुठल्याही रविवारी 50 मीटरच्या रेंजवर जा. पेट्या उघडतात आणि प्रदर्शन सुरू होतं. लाल-निळी वजनं, नळीच्या टोकाला ट्यूनर, साइटवर रंगीत फिल्टर, चारी बाजूंनी सरकणारी गालपट्टी. मुलगा अकरावीतला. पडून मारताना त्याच्या दंडावरचा स्लिंगचा पट्टा अजून दर थोड्या वेळानं घसरतो, पण रायफलीच्या अंगावर नवरी लाजेल इतके दागिने. मागे खुर्चीत बसलेला बाप कौतुकानं सांगतो, "सर, जर्मनीहून मागवलंय." याचा उपयोग काय हो, असं विचारलं की उत्तर येतं, "तो अमुक खेळाडू वर्ल्ड कपला हेच वापरतो." संपला विषय. त्या अमुक खेळाडूच्या नळीत कुठलं काडतूस जातं आणि ते कसं निवडलं गेलं, हे बापाला माहीत नसतं. विकणाऱ्याला माहीत असतं, पण तो कशाला सांगेल?

मग मोबाइल बाहेर निघतो. त्यात पाच गोळ्यांचा एक देखणा ग्रूप, शर्टाच्या बटणाखाली झाकला जाईल असा. "ट्यूनर लावल्यावरचा आहे." मी विचारतो, त्या दिवशी असे किती ग्रूप मारले? इथे गाडी अडते. डझनभर ग्रूप मारायचे, सगळ्यात सुंदर तेवढा ठेवायचा, बाकीचे पुसून टाकायचे आणि नवी वस्तू लागू पडली म्हणून पेढे वाटायचे. अरे, पाचऐवजी दहा गोळ्या मारल्या तर तीच रायफल, तोच माणूस आणि तेच काडतूस असूनही ग्रूपची रुंदी सरासरीनं जवळपास पाव हिश्शानं वाढते, कारण गोळ्या जितक्या जास्त तितकी एखादी लांब भरकटण्याची संधी जास्त. यात बिघाड काही नाही, साधं गणित आहे. दहा-दहाचे निदान चार ग्रूप मारा, ते एकावर एक ठेवा, आणि त्या चाळीस भोकांकडे बघून काय ते बोला. पाच गोळ्यांच्या फोटोवरून रायफल सुधारली म्हणणाऱ्याला मी चहा पाजतो, पण त्याचा सल्ला घेत नाही.

खरं दुखणं काडतुसात आहे. परदेशात .308 मारणारा हौशी माणूस घरी बसून स्वतःची काडतुसं भरतो. दारू तोलतो, गोळ्या निवडतो, केस कापून सारख्या करतो. पॉइंट टू-टूच्या रिमफायरवाल्याला ते दार बंद. इथे पेट घेणारा मसाला काडतुसाच्या तळाच्या पोकळ काठात असतो. ओला मसाला आत सोडून केस गरगरा फिरवतात, म्हणजे तो कडेनं सगळीकडे पसरतो. कुठे कणभर कमी, कुठे कणभर जास्त बसला की पेट बदलतो, दाब बदलतो, वेग बदलतो. कारखान्यानं जे दिलं ते मुकाट्यानं नळीत घालायचं. तुमच्या हातात एकच गोष्ट उरते, निवड. आणि नेमकी तीच आपण सोडून दिली आहे.

टार्गेटचं काडतूस 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी साधारण 330 मीटर प्रति सेकंद वेगानं सोडतं. 50 मीटर जाईपर्यंत ती नळीच्या रेषेपासून बारा-साडेबारा सेंटीमीटर खाली आलेली असते. वेग 10 मीटरनं कमी पडला की ती आणखी सात-साडेसात मिलिमीटर खाली जाते. आता टार्गेट बघा. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, एका रिंगपासून पुढची रिंग 8 मिलिमीटरवर, आणि दशांशात मोजलं तर दर 0.8 मिलिमीटरला एक दशांश. श्वास बरोबर होता, चाप बरोबर ओढला, वारा पडलेला होता, तरी एकाच डब्यातल्या दोन काडतुसांनी आपापसात तुमचे नऊ दशांश खाल्ले. आणि तुम्ही काय केलंत? गालपट्टी अर्धा मिलिमीटर वर केलीत.

टेनेक्स, आर-50, एक्स-अ‍ॅक्ट ही काडतुसांची नावं रेंजवरच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. पण डब्यावर नावाखाली एक लॉट नंबर छापलेला असतो, आणि सगळी गंमत त्या नंबरात आहे. एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात. एकच लॉट शेजारच्या रायफलीत दहात बसतो आणि तुमच्या रायफलीत नऊ हुंगत फिरतो. म्हणून युरोपातले नेमबाज आपली नळी घेऊन काडतुसाच्या कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात. एलीची ही सोय इंग्लंडात आहे, लापुआची जर्मनीतल्या शोनेबेकला. तिथे नळी व्हाइसमध्ये आवळतात, माणसाला बाजूला बसवतात, एकामागून एक लॉट मारून बघतात आणि जो जुळतो त्याची वर्षभराची खरेदी तिथेच करतात. सगळ्यात महागडा डबाच जुळेल अशी खात्री नसते. खालच्या दर्जाचा एखादा लॉट एखाद्या नळीला असा भावतो की महागड्यानं मान खाली घालावी.

आमच्याकडची तऱ्हा काय? पॉइंट टू-टू म्हणजे परवाना आला, आयात आली, वाटणी आली. एका संस्थेनं माझ्यासमोर एका मुलीला तीन वेगवेगळ्या लॉटचे डबे एकाच पिशवीत घालून दिले. मी नंबराकडे बोट दाखवलं, तर वाटणारे गृहस्थ म्हणाले, "सगळं एकच आहे हो, नाव वाचा की." ती मुलगी पुढचा महिनाभर सरावात झीरो शोधत होती आणि तिचे सर तिला मन एकाग्र करायला सांगत होते. ध्यान लावून लॉट जुळत असता तर शोनेबेकला आश्रम निघाला असता. एका चांगल्या गोळीच्या पैशात एक वडापाव येतो. पोरगी दिवसाला वडापावांची गाडी रिकामी करते, आणि त्यातला अर्धा माल तिच्या नळीला मानवतो की नाही हे कोणी विचारलेलं नाही.

लॉट बदलला, विशेषतः बनावट बदलली, की नळीला थोडा वेळ द्यावा लागतो. गोळीच्या बाहेरचं मेणचट वंगण प्रत्येकाचं वेगळं. आधीचं निघून नवीन बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या कुठेही जातात. ज्यांना हे माहीत नाही ते पहिल्याच पाच गोळ्यांवरून "हा लॉट बेकार" असा निकाल देतात. आणि मे महिन्यात पुण्याच्या उन्हात डबा फायरिंग पॉइंटवर उघडा तापत ठेवून वर रायफलीला दोष देणारे महाभाग तर रोज दिसतात. वंगण मऊ होतं, दारू तापते, वेग सरकतो. डबा सावलीत ठेवायला जर्मनीहून काही मागवावं लागत नाही.

नळी साफ करण्यावरून दोन पंथ आहेत आणि दोन्ही कट्टर. एक म्हणतो, पॉइंट टू-टूची नळी साफ करायचीच नसते. दुसरा रोज संध्याकाळी पितळी ब्रश घेऊन तिच्यावर सूड उगवतो. एनसीसीत फुलथ्रूला चिंधी बांधून नळी ओढलेली पिढी दुसऱ्या पंथात जास्त. दोघांनाही चेंबरच्या लगेच पुढे साचणारं काजळीचं कडं ठाऊक नसतं. जळका मसाला आणि वंगण मिळून तिथे कठीण थर बसतो, गोळी त्याच्यातून खरवडत आत शिरते आणि एक दिवस ग्रूप उगाच फुगायला लागतात. तेवढं कडं वेळच्या वेळी निघालं पाहिजे. बाकी नळीला रोजचा छळ नको. रॉड मागच्या बाजूनं, गाइडमधूनच घाला. पुढच्या तोंडातून रॉड खुपसणाऱ्याला मी रायफलीजवळ उभं करत नाही, कारण गोळी शेवटचा स्पर्श नळीच्या त्या तोंडाला करून जाते आणि ती कड एका बाजूनं झिजली की पुढे कुठलाही उपाय फुकट.

दस्त्याच्या स्क्रूंची कथा तर सांगावीशीही वाटत नाही. बनवणाऱ्यानं पुस्तिकेत टॉर्कचा आकडा दिलेला असतो. आमचे लोक एलन की घेतात आणि "हाताला घट्ट लागेपर्यंत" आवळतात. हात तोच, पण सोमवारचा वेगळा, शनिवारचा वेगळा. अ‍ॅक्शन दस्त्यात नीट टेकलेली नसेल तर स्क्रू आवळताना ती वाकते, आणि मग प्रत्येक गोळीला वेगळं घर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर मायक्रॉनमध्ये बोलणारे कारागीर आहेत. बेडिंगची जागा सपाट आहे का, हे ते चहा संपायच्या आत सांगतील. त्यांच्याकडे कोणी जात नाही, कारण त्यांच्या कामाला रंग नसतो.

ट्यूनरबद्दल न्यायानं बोलायचं तर ती वस्तू खोटी नाही. गोळी निघताना नळी थरथरते. त्या थरथरीत नळीचं तोंड वर जात असतानाच गोळी निघाली, तर थोडी मंद गोळी थोड्या उशिरा, म्हणजे थोड्या वरच्या कोनातून सुटते आणि तिची जादा घट भरून निघते. तत्त्व पक्कं आहे. पण ते एका ठरावीक लॉटसाठी, ठरावीक टॉर्कला, चाळीस-चाळीस गोळ्या मारून जुळवायचं असतं. मिसळ लॉटवर ट्यूनर फिरवणं हा फक्त बोटांचा व्यायाम आहे.

लांब नळी अचूक असते म्हणणाऱ्यांसाठी दोनच वाक्यं. पॉइंट टू-टूची दारू पहिल्या 40-45 सेंटीमीटरात आपलं काम जवळपास उरकते, पुढची लांबी साइटमधलं अंतर वाढवायला असते. आणि वेगवान काडतूस सरळ जातं म्हणणाऱ्यांनो, ध्वनीच्या वेगापलीकडे गेलेली ही गोळी हवेत जास्त अडते आणि 50 मीटरवर वारा तिला मंद गोळीपेक्षा जास्त ढकलतो. टार्गेटची काडतुसं मुद्दाम हळू ठेवलेली असतात.

वारा निघालाच आहे तर बोलतो. झेंड्याकडे न बघता मारणारा मुलगा हजार दागिन्यांनीही सुधारत नाही. आणि वारा वाचता येणाऱ्यांतही हिशेब किती बारीक असतो ते बघा. 2010 मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंतनं पडून मारण्याच्या स्पर्धेत 600 पैकी 597 गुण मिळवून जगज्जेतेपद आणलं, तेव्हा साठ गोळ्यांत तिनं तीनच गुण सोडले होते. लंडन ऑलिंपिकला 2012 साली त्याच प्रकारात जॉयदीप कर्माकर 699.1 वर चौथा राहिला, कांस्यपदक 701.0 ला गेलं. 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे तिन्ही स्थितींच्या स्पर्धेत 590 गुणांनी सातवा येऊन अंतिम फेरीत गेला आणि 451.4 वर कांस्य घेऊन आला. या पातळीवर गुणांचा हिशेब दशांशात चालतो, म्हणून काडतुसाचा हिशेबही दशांशातच करावा लागतो. आमच्याकडे मात्र कुसाळेचं पदक आलं तसं दुसऱ्या दिवशीपासून त्याची रायफल कुठली, जॅकेट कुठलं, बूट कुठले याची विचारणा सुरू झाली. लॉट कसा निवडायचा, हे विचारणारा एकही भेटला नाही.

क्लबच्या रायफलींचं तर विचारूच नका. ज्या नळीवर जिल्ह्यातली दहा पोरं शिकतात, तिच्यातून आजवर किती गोळ्या गेल्या याची नोंद नाही, ती शेवटची केव्हा साफ झाली याची नोंद नाही, कुठला लॉट तिला जुळला याची तर कल्पनाही नाही. शंभर पानी वही पुरेल. पण वहीवर देणगीदाराचं नाव कोरता येत नाही, म्हणून वही येत नाही, नवी वजनं येतात.

माझी मागणी एवढीच आहे. आयात करण्याआधी वेगवेगळ्या लॉटचे थोडे-थोडे डबे मागवा, प्रत्येक रायफल व्हाइसला लावून ते मारून बघा, जुळलेल्या लॉटचा नंबर रायफलीच्या नंबरासमोर लिहा आणि मुलांना त्याप्रमाणे वाटा. त्यासाठी रेंजच्या एका कोपऱ्यात सिमेंटचा ओटा, चार बोल्ट आणि एक व्हाइस लागतो. उद्घाटनाला मंत्री येणार नाहीत, एवढीच त्यात अडचण आहे.