सात किलोंचा न्याय

दिवाळी अंकातला पाणवठ्यावरचा वाघ पाहून आपला फराळाचा घास हातातच राहतो. पण तो वाघ टिपणाऱ्या छायाचित्रकाराची पेटी विमानतळावर काट्यावर चढते, तेव्हा काय होते, हे कुणी विचारीत नाही.

देशांतर्गत विमानात साध्या वर्गाच्या उतारूला हातातले सामान सात किलोच नेता येते. दोन कॅमेरे, तीन किलोंचे दूरवेधी भिंग, आणखी दोन लहान भिंगे आणि पेटी, एवढ्यातच काटा नऊच्या पुढे जातो. मग हुकूम सुटतो : पेटी खाली सामानात टाका! पण कॅमेऱ्यासारखी नाजूक, मौल्यवान वस्तू तिथे ठेवू नका, ठेवल्यास आम्ही जबाबदार नाही, असे बहुतेक कंपन्यांच्या अटींतच छापलेले असते. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, ती ही गत! लिथियमच्या सुट्या बॅटऱ्यांना खाली बंदी आहे. ती आगीच्या भीतीने, म्हणून रास्त. पण बाकीचे?

कोणी म्हणेल, नियम सर्वांना सारखा हवा. मग अमेरिकेने २०१२ साली कायदा करून व्हायोलिनसारखी लहान वाद्ये, जागा असल्यास, उतारूजवळ ठेवू देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, तो काय पक्षपात? वाद्य हे वादकाचे पोट आहे, हे त्या कायद्याने ओळखले. कॅमेरा हेही कुणाचे पोटच आहे!

जादा वजनाचे रीतसर पैसे घ्या. पण कप्प्यात मावणारी पेटी मालकाच्या नजरेसमोर राहू द्या. नाही तर फुटल्यावर पुरती भरपाई द्या. दोन्ही नाकारणे याला नियम म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात.